बिनवासाचा शर्ट

"माणसाने चाकाचा शोध लावला, विस्तवाचा लावला, त्याचं कौतुक मला सांगू नका," दाजी म्हणाले. "ज्या दिवशी कुणीतरी एक फूल उचलून गुहेत आणून ठेवलं, त्या दिवशी गुहेचं घर झालं. संस्कृती, मेव्हणे, नाकातून सुरू होते."

हे उद्गार निघत असताना त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपत होतं. करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत आला, माझ्या चहापर्यंत पोचला, जिना उतरणाऱ्या शेजाऱ्याने दारातून डोकं आत घालून "दूध बघा हो" असं सांगितलं. संस्कृतीच्या उगमाशी बसलेल्या माणसाला तेवढं कळलं नव्हतं. त्यांची सूनबाई उठली, गॅस बंद करून आली आणि काही न बोलता पुन्हा बसली. ती दातांची डॉक्टर आहे. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण गप्प राहायचं, हे तिच्या शिक्षणातच येतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मी राहतो वरच्या मजल्यावर, चहाला असतो खालच्या. दाजींनी उभी नोकरी साबणाच्या कारखान्यात केली, आणि नाकाने केली. लोक हाताने नोकरी करतात, डोक्याने करतात, माझ्या कचेरीत तर कित्येक जण नुसते बसून करत. दाजींच्या टेबलावर मात्र कागदाच्या पट्ट्या यायच्या, पट्टीच्या टोकाला थेंबभर वास असायचा, आणि तो हुंगून दाजी सांगायचे की ह्या घाण्यात लिंबू बोलतंय पण गुलाबाला कुणी दाबलंय. त्यांनी मान डोलावली की साबण बाजारात जायचा. नाही डोलावली तर मालकसुद्धा घरी जायचा.

ह्या नाकाची बडदास्त घरात अक्काने ठेवली. दोन वासांच्या मध्ये नाक कोरं करायचं असतं, आणि ते दाजी शर्टाच्या बाहीत करत. हात कोपरात मोडायचा, त्या घडीत नाक खुपसायचं, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा. ह्याला ते 'शून्यावर येणं' म्हणत. बाहीलाच वास असला तर शून्य कुठून येणार? म्हणून दाजींचे शर्ट घरातल्या इतर कपड्यांत कधी पडले नाहीत. अक्का ते नुसत्या सोड्याच्या पाण्यात काढायची, वेगळ्या दोरीवर वाळवायची आणि वेगळ्या फळीवर ठेवायची.

"मला सांगितलं होतं, मुलगा सुगंधाच्या धंद्यात आहे," अक्का म्हणते. "मला वाटलं, सासरी अत्तराने न्हाऊन निघणार. इथे येऊन बघते तर साधी पावडर लावायची चोरी."

अत्तर बंद, उदबत्ती बंद आणि कांदा तर सपशेल बंद. दाजी निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि अक्काने स्वतःला पिशवीभर कांदे दिले. तेव्हापासून ती कांद्यावर अशी तुटून पडली आहे, की जन्मठेप भोगून आलेला माणूसही मोकळ्या हवेवर तुटून पडणार नाही.

दाजींचं मात्र निवृत्तीत काही जमेना. खुर्चीत बसलेला माणूस हळूहळू खुर्चीसारखा दिसायला लागतो. दाढी आठवड्यातून एकदा, तीही अक्काने आरसा आणि पाणी समोर आणून ठेवलं तर. अशात सूनबाईने स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं, आणि त्या दिवशी, दूध करपायच्या जरा आधी, तिने सासऱ्यांना विचारलं होतं, "बाबा, दवाखान्याचा वास आला ना, की माणसं दारातूनच पळतात. माझ्याकडे तो वास नको. बाटलीतला फवाराही नको, त्याने माझंच डोकं उठतं. फुलापानांचं काहीतरी करून द्याल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी आपण होऊन दाढी केली.

मग गच्चीवर कारखाना उभा राहिला. एका कोपऱ्यात सावलीला जुनी चादर पसरून गुलाबी गुलाबाच्या पाकळ्या घातल्या. उन्हात घातल्या तर रंग जातो आणि रंगापाठोपाठ वासही. पुदिन्याच्या आणि रोझमेरीच्या जुड्या दोरीवर उलट्या टांगल्या. संत्र्याची साल आतला पांढरा भाग खरवडून काढून ठेवली. लवंगा आणि दालचिनी ओबडधोबड कुटली. सगळ्यात शेवटी वाळ्याच्या मुळ्यांची भुकटी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"वास हा पाहुणा आहे, मेव्हणे. टेकला की लगेच निघतो म्हणतो. वाळा त्याला म्हणतो, बसा हो, जेवूनच जा."

पाकळी वाळली का हे बघायची त्यांची तऱ्हा मला फार आवडली. ती कानाशी धरून चुरायची. कुरकुरली तर वाळली. गप्प राहिली तर आत ओल आहे, बरणीत बुरशी धरणार. तासन् तास दाजी गच्चीवर बसून पाकळ्यांचं ऐकून घेत. अक्का म्हणाली, माझं कधी इतकं ऐकलं असतं तर.

गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, रणरणत्या उन्हात, अक्काने आपला कांदा वाळत घातला होता. कांदा पातळ चिरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. उन्हाने त्या चकत्या आक्रसल्या, कडेला जांभळट आणि मध्ये फिकट गुलाबी झाल्या. तिने त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरल्या. दाजींनी आपल्या पाकळ्याही बिस्किटांच्याच डब्यात भरल्या. ह्या घरात बिस्किटं एकाच जातीची येतात. दोन्ही डबे जिन्याखालच्या फळीवर शेजारी शेजारी बसले, आणि अक्काने आपला डबा घरातला ताजा कांदा संपेपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी अक्का वर माझ्याकडे आली. ती जिना चढून येते तेव्हा काम गंभीर असतं, एरवी ती खालून हाक मारते.

"अरे, त्यांचं नाक गेलंय," ती म्हणाली.

मला वाटलं अब्रूची गोष्ट आहे. "काय केलं दाजींनी?"

"केलं काही नाही. खरंच गेलंय. वास येत नाही त्यांना."

"कशावरून?"

"परवा माझं मनगट दुखत होतं म्हणून सूनबाईने कपडे धुतले. तिला काय ठाऊक, सगळे एकत्रच घातले, त्या जांभळ्या पुड्यातल्या साबणात. शर्टाला असा घमघमाट, की मी दुसऱ्या खोलीतून शिंकले. ह्यांनी तोच शर्ट घातला, गच्चीवर बसले, बाहीत नाक घातलं आणि म्हणाले, आलो शून्यावर."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"गेल्या वर्षी तापाची सर्दी झाली होती ना," अक्का म्हणाली, "तेव्हाच गेलं असणार. मला आपलं वाटायचं, म्हातारपणी तक्रारी कमी झाल्या. भाजी लागली तरी हूं, दूध लागलं तरी हूं. मी म्हटलं, देवमाणूस झाला नवरा."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? नाक गेलंय हे त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. तेवढंच आता त्यांच्यापाशी उरलंय, तेही काढून घेऊ?"

"पण सूनबाईच्या दवाखान्यात ते भलतंच काही मांडून बसले तर?"

"म्हणून तर तुझ्याकडे आले. बरणी बंद करायच्या आधी एकदा हुंगून ये. ठीक असेल तर आपण काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. ते वाटी ठेवतील, पोरगी छान म्हणेल, त्यांचा मान राहील."

काम सोपं होतं, म्हणून मला जमलं नाही. दाजींनी मिश्रण करायच्या दिवशी खोलीचं दार आतून लावून घेतलं. मी दार वाजवलं तर फटीतून म्हणाले, "नवख्या नाकाने मिश्रण बिचकतं, मेव्हणे." शेवटी दार उघडलं तेव्हा बरणीच्या तोंडावर फडकं बांधून वर मेण ओतून झालं होतं. मुरेपर्यंत आता कुणी हात लावायचा नाही. काचेतून मी नीट पाहिलं. गुलाबी, हिरवं, नारिंगी, मधूनच लवंगेचा काळा ठिपका.

"दिसायला उत्तम आहे," मी अक्काला जाऊन सांगितलं.

"दिसायला तूही बरा होतास," अक्का म्हणाली.

दवाखाना उघडायचा दिवस आला. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, बरणी लहान मुलासारखी कडेवर घेऊन सकाळीच सूनबाईबरोबर गेले. आम्ही जेवायच्या वेळेला डबा घेऊन जाणार होतो. मी खाली आलो तेव्हा अक्का गॅसपाशी उभी होती, कढईत तेल तापून धूर सुटला होता, आणि तिच्या हातात बिस्किटांचा डबा होता.

"वास घे," ती म्हणाली.

मी घेतला. "वा. गुलाब."

"हा माझा कांद्याचा डबा आहे."

मी डब्यात डोकावून पाहिलं. आत पाकळ्या होत्या. कांदा इथे नाही आणि गुलाब इथे आहे, म्हणजे गुलाबाच्या जागी काय मुरलं, हे सांगायला नाकही लागत नव्हतं.

"फोन कर सूनबाईला," मी म्हटलं.

"आणि काय सांगू? तुझ्या सासऱ्यांनी दवाखान्यात कांदा आणलाय?" असं म्हणत तिने केलाच. सूनबाईने उचलला नाही.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. अक्काने गॅस बंद केला आणि घरातल्या चपलांवरच निघाली, डबा काखेत. किल्लीवाल्याने "अक्का, इतक्या घाईत?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "कांदा राहिला." कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून आमच्याकडे पाहिलं. तिच्यामागे धावणारा मी आणि पुढे डबा घेतलेली ती, ह्यावरून त्याने जो काही निष्कर्ष काढला असेल, तो त्याच्याजवळच राहो.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. भिंतींना नवा रंग, बाहेरच्या खोलीत एक बाक, बाकासमोर तिपाई, तिपाईवर काचेची पसरट वाटी, आणि वाटीत दाजींचं मिश्रण. दाजी शेजारी उभे होते, चित्रावरचा पडदा बाजूला करून चित्रकार उभा राहतो तसे.

वास आला. आधी कांदा आला. मग पुन्हा कांदा आला. त्यानंतर, फोटोत काकांच्या पाठीमागे गेलेल्या नवरदेवासारखा, गुलाब कुठेतरी म्हणण्यापुरता होता, कारण दाजींनी गच्चीवर उरलेल्या ओंजळभर पाकळ्या वेगळ्याही घातल्या होत्या. संत्रं आणि लवंग मात्र प्रामाणिकपणे काम करत होती.

बाकावर दिवसाचा पहिला रोगी बसला होता. ट्रक चालवणारा माणूस, मिशा हँडलसारख्या, दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरलेली. त्याने दोनदा नाक ओढलं.

"डॉक्टरबाई, मागे खाणावळ आहे का?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

"नाही, वास बरा येतोय. भीतीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आता भूक लागली." त्याने बाकाची कड सोडली. आपण सोडली हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

सूनबाई त्याला आत घेऊन गेली. दार उघडंच होतं. आतून खुर्ची मागे कलल्याचा आवाज आला, आणि दारातून त्याचे भलेमोठे बूट तेवढे दिसायला लागले. "इंजेक्शन दिलंय. बधिर व्हायला जरा वेळ लागेल. तोंड उघडं ठेवा, मी आलेच," असं सांगून ती बाहेर आली.

दाजी तोवर आमचे चेहरे वाचत होते. नाक गेल्यापासून बहुधा ते असंच काम चालवत असावेत.

"खाणावळ का म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

अक्काने काखेतला डबा आणखी घट्ट दाबला. दाजींनी हात कोपरात मोडला, बाहीत नाक घातलं, डोळे मिटले, शून्यावर आले. मग वाटीवर वाकून एक लांब श्वास घेतला. आम्ही थांबलो. त्या खोलीत पुढे पुष्कळ लोक थांबतील, पण असं कुणी थांबणार नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर अक्काच्या काखेकडे गेली. "हा डबा इथे कशाला आणलास?"

अक्काने झाकण काढलं. दाजींनी आत पाहिलं, मग वाटीत पाहिलं. वाटीतली एक गुलाबी चकती उचलून कानाशी धरली आणि चुरली.

"पाकळी कुरकुरते," ते सावकाश म्हणाले. "ही मोडली." त्यांनी आणखी एक मोडली. मग बाकावर ट्रकवाल्याच्या जागी बसले आणि त्याच्यासारखीच बाकाची कड धरली. "कांदा आहे."

"थोडासाच आहे," मी म्हटलं. आयुष्यात काही वाक्यं आपण उगीच बोलतो.

"मला कळला नाही," दाजी म्हणाले. "गेल्या वर्षापासून काहीच कळत नाही. सकाळी उठलो की अंघोळीचा साबण हुंगून बघतो. आमच्याच कारखान्याचा. दगड हुंगल्यासारखं वाटतं."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"काय बोलू? घरात मी नाक म्हणूनच वावरलो. नाक वजा केलं तर उरतं काय? चष्मा ठेवायलासुद्धा जागा नाही."

सूनबाई त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, मला ठाऊक होतं. दूध करपलं त्याच दिवशी कळलं. तुमच्या मागे दोन हातांवर करपत होतं."

"मग काम काढून का नाही घेतलंस?"

"घेणार होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही दाढी केलेली दिसली."

दाजींनी हनुवटीवरून हात फिरवला. ती गुळगुळीत होती. मग ते अक्काकडे वळले. "आणि तुला?"

"शर्टावरून. सूनबाईने धुतला होता तो, जांभळ्या साबणातला."

दाजी विचारात पडले. त्यांनी पुन्हा बाही नाकाशी नेली, खाली आणली. "म्हणजे आता हा शर्टही वासाचाच असेल."

"नाही," अक्का म्हणाली. "त्यानंतरचे सगळे मीच धुतलेत. सोड्यात. वेगळे."

"मनगट दुखत असताना? आणि आता कशासाठी?"

"सवय आहे," अक्का म्हणाली, आणि डब्याचं झाकण उगीच घट्ट लावायला लागली. "आणि उद्या अचानक परत आलं नाक, तर शून्य कुठे शोधत बसाल?"

अडचणीत सापडले की दाजी कामाला लागतात, हा त्यांचा जुना गुण. त्यांनी तिपाई ओढून घेतली.

"अगं, इकडे बस. वास घे आणि सांग, काय काय येतंय."

"मला काय कळतंय त्यातलं."

"इतकी वर्षं माझ्या घरात बिनवासाची राहिलीस. तुझ्याइतकं कोरं नाक दुसरं कुणाचं? घे."

अक्का वाकली. "कांदा."

"तो सोडून."

"संत्रं. मग लवंग, जरा जास्त आहे. मग..." तिने दाजींचा हात आपल्याकडे ओढला, त्यांच्या बाहीच्या घडीत नाक घातलं, श्वास घेतला आणि पुन्हा वाटीवर वाकली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "मग सगळ्यात खाली काहीतरी आहे. ओल्या मातीसारखं. ते जात नाही, बसून राहतं."

"वाळा," दाजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कारखान्यातली जुनी मान डोलावणी आली. "वाळा बरोबर पडलाय. म्हणजे मिश्रण चुकलेलं नाही, नुसता पाहुणा बदललाय."

मग आम्ही चौघांनी वाटी मधे घेतली. दाजी एकेक चकती कानाशी नेत आणि 'मोडते' की 'कुरकुरते' ते सांगत. शंका आली तर ती अक्काच्या नाकाखालून जायची. मोडणाऱ्या माझ्या हातरुमालात आणि डब्यातल्या खऱ्या पाकळ्या वाटीत टाकायचं काम सूनबाईचं. अक्का मधूनच बाहीत जाऊन यायची. रुमालावर कांद्याचा ढीग वाढत गेला. अक्का म्हणाली, हा फुकट घालवायचा नाही, लवंगेत मुरलेला कांदा कुणी खाल्लाय. दाजी म्हणाले, पुढच्या वेळी लवंग निम्मी करू आणि बिस्किटं दुसरी आणू. सूनबाई म्हणाली, पुढच्या वेळी आतल्या खोलीसाठीही लागेल, आणि आई, तुम्हीही यायचं. अक्का नको नको म्हणत म्हणत तिसऱ्यांदा बाहीत गेली आणि ह्या वेळी जरा जास्तच वेळ राहिली. दाजींनी हात तसाच मोडून धरला. मी रुमालाकडे बघत राहिलो, कारण अशा वेळी कुठेतरी बघावं लागतं. कांदा डोळ्यांना लागतो, वाळलेलाही, असं म्हणायला हरकत नव्हती.

आतल्या खोलीत बूट हलले.

"डॉक्टरबाई," बधिर जिभेने शब्द जुळवत ट्रकवाला म्हणाला, "आता तोंड मिटू का?"